पंधराशे रुपयांतला वाढदिवस

शाळा सुरू होण्याच्या आठवड्यात आमच्या वस्तीतील एक भगिनी संध्याकाळी घरी आल्या. आम्ही उभयता विहाराचे हिशेब पाहतो, कुणाचा अर्ज लिहून देतो, कुणाला दाखल्यासाठी कचेरीत घेऊन जातो, त्यामुळे अडीनडीला लोक येत असतात. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलणे झाले, चहा झाला. मग त्यांनी हळूच सांगितले की, थोरल्याच्या वह्या-पुस्तकांना आणि गणवेशाला दोन हजार रुपये हवे आहेत, पगार झाला की परत करू.

पैसे दिले, त्याबद्दल काही म्हणणे नाही. पण त्याच घरी चार महिन्यांपूर्वी धाकटीच्या पहिल्या वाढदिवसाला आम्ही जेवून आलो होतो. भाड्याचा हॉल, चौकात भला मोठा फलक, फलकावर बाळाच्या भोवती पंचवीस शुभेच्छुकांची छायाचित्रे, फुग्यांची कमान, दोन मजली केक आणि दोनशे माणसांचे जेवण. त्यासाठी महिलांच्या गटामार्फत चाळीस हजारांचे कर्ज काढले होते. त्याचा दर आठवड्याचा हप्ता चालूच होता. पुस्तकांचे पैसे त्या हप्त्यात गेले होते.

या भगिनी उधळ्या नाहीत. चार घरची कामे करून त्या संसार ओढतात आणि भाजीवालीकडे दोन रुपयांसाठी घासाघीस करतात. मग असे का होते? याचे उत्तर आम्हाला दुसऱ्याच्या घरात शोधण्याची गरज नाही, कारण हाच प्रकार आम्ही स्वतः केलेला आहे.

२००९ साली आमच्या थोरल्या मुलीचा पहिला वाढदिवस होता. आम्ही पतपेढीतून २५ हजार रुपये कर्ज घेतले. दरमहा १,१७७ रुपयांप्रमाणे २४ हप्ते, म्हणजे एकूण २८,२४८ रुपये भरले. दिवसभर खातेवह्या तपासणाऱ्या माणसांना हे गणित आधी करता आले नसते असे नाही. केले नाही एवढेच. समारंभात काय झाले? कुणीतरी फुगा फोडला, पोर दचकून रडायला लागली आणि रडता रडता खांद्यावर झोपी गेली. केक तिच्या झोपलेल्या हातात सुरी धरून कापला. छायाचित्रात तिचे डोळे मिटलेले आहेत. तिला तिसरे वर्ष लागून संपत आले तरी आम्ही पहिल्या वाढदिवसाचे हप्ते भरत होतो.

काही कार्यकर्ते म्हणतात की वाढदिवस हे फॅडच बंद करा. आम्हाला ते पटत नाही. आपल्या मागच्या पिढीला वाढदिवस नव्हताच. मास्तरांनी शाळेत नाव घालताना जी तारीख लिहिली तीच जन्मतारीख, आणि ती बहुतेक १ जून. आमच्या कचेरीतल्या जुन्या सेवापुस्तकांत १ जूनची ओळच लागलेली असे. ज्यांच्या जन्माची नोंद कुणी ठेवली नाही, त्यांना आपल्या नातवाचे नाव चौकातल्या फलकावर पाहून भरून येते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. आणखी मागे गेलो तर मूल वर्षाचे होणे हीच मोठी गोष्ट होती. बाबासाहेब आणि माता रमाई यांच्या पाच अपत्यांपैकी चार लहानपणीच गेली. एकटे यशवंतराव राहिले. धाकटा राजरत्न १९२६ साली गेला. हे ज्याला ठाऊक आहे तो मुलाच्या वाढदिवसाला फॅड म्हणणार नाही. आनंद करावा, जरूर करावा. फक्त तो मुलाला झाला पाहिजे, आणि नंतर त्याच मुलाच्या दप्तरातून वसूल होता कामा नये.

या वर्षी आमच्या धाकट्याला आठ वर्षे पूर्ण झाली. पंधराशे रुपयांच्या वर एक पैसा जाणार नाही असे ठरवून आम्ही त्याच्यासमोर कागद ठेवला. म्हटले, एवढे पैसे आहेत, तुला काय काय हवे ते लिही. आम्हाला वाटले होते केक, कपडे, खेळणे असे काही लिहील. त्याने लिहिले: भेळ, पोत्याची शर्यत, रात्री उशिरापर्यंत खेळणे, आणि अभ्यास नाही. चारपैकी दोन गोष्टींना पैसेच लागत नव्हते.

पोरे चोवीस आणि मोठी माणसे सहा-सात. वेळ संध्याकाळी साडेचार ते सात. विहाराच्या पुढचे अंगण मागून घेतले, त्याला भाडे नाही, फक्त आधी झाडायचे आणि नंतर झाडायचे. फुगे आदल्या रात्री फुगवू नयेत, सकाळपर्यंत मऊ पडतात. क्रेप कागदाच्या पताका थोरलीने आणि तिच्या मैत्रिणींनी कापल्या. आठवी-नववीच्या पुढची मुले-मुली अशा वेळी मोबाईलमध्ये डोके घालून बसतात, पण त्यांना पंच म्हणून नेमले की त्यांच्याइतकी कडक शिस्त कुणी लावत नाही.

सुरुवातीला तथागत भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेला फुले वाहिली, मेणबत्ती लावली आणि मुलांनीच त्रिशरण-पंचशील म्हटले. सात-आठ मिनिटे. शेजारची मुसलमान आणि इतर समाजाची मुलेही होती, ती शांत उभी राहिली. इथे मोठ्यांनी भाषण करू नये अशी आमची हात जोडून विनंती आहे. एका वाढदिवसाला प्रमुख पाहुणे चाळीस मिनिटे बोलले आणि मुले केककडे पाहत बसली, हे आम्हाला आठवते. (ते प्रमुख पाहुणे आम्हीच होतो.)

केकवरची मेणबत्ती फुंकावी की नाही यावर आपल्याकडे वाद होतो. दीप विझवणे आपल्या विचारात बसत नाही असे काही उपासकांचे म्हणणे, आणि त्यात तथ्य आहे. आम्ही वयाइतक्या मेणबत्त्या मुलाच्या हातून लावून घेतो आणि तशाच जळू देतो. पण एखाद्या पोराला फुंकायचीच हौस असेल तर त्यावरून घरात तंटा करू नये.

त्या दिवशी धाकट्याने आजीला मध्येच विचारले, तुझा वाढदिवस कधी? आमच्या मातोश्री म्हणाल्या, दीक्षेच्या साली, नागपूरहून लोक परत आल्यानंतरच्या थंडीत. म्हणजे १९५६ चा शेवट. शाळेच्या दाखल्यावर मात्र १ जून १९५५ आहे. धाकट्याने बोटांवर मोजून जाहीर केले की कागदावर आजी दीड वर्षाने म्हातारी आहे. मग त्याने एक मेणबत्ती जास्तीची मागितली आणि ती आजीच्या हातात दिली. तिने ती केकवर लावली नाही. बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे नेऊन लावली आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली.

आता खेळांविषयी, कारण खरा वाढदिवस तिथेच असतो. संगीत खुर्ची सगळेच घेतात, पण तीन-चार वर्षांची मुले पहिल्याच फेरीत बाद होतात आणि भोकाड पसरतात. म्हणून लहानांचा खेळ निराळा ठेवावा आणि जो बाद होईल त्याला ताट-चमचा देऊन वाजवणाऱ्यांत बसवावे. आमच्याकडे ऐन वेळी वीज गेली आणि गाणी बंद पडली. मग ताटे वाजवूनच खुर्ची खेळली, आणि बाद झालेली पोरे इतक्या जोरात वाजवत होती की खेळणारी मुद्दाम बाद व्हायला लागली.

पोत्याच्या शर्यतीला वाण्याकडची रिकामी तागाची पोती आणावीत. प्लॅस्टिकची घसरतात आणि पोर तोंडावर पडते. पोती दोन दिवस उन्हात झटकून घ्यावीत. ‘शिवाजी म्हणतो’ हा खेळ सर्वांना ठाऊक आहे. आमच्या वस्तीत तो ‘बाबासाहेब म्हणतात’ असा खेळतात. बाबासाहेब म्हणतात उभे राहा, बाबासाहेब म्हणतात कान धरा. नुसते ‘बसा’ म्हटले आणि बसला तो बाद. ताटात वीस वस्तू मांडून एक मिनिट दाखवायच्या, मग फडक्याने झाकून आठवतील तेवढ्या लिहायला लावायच्या. या खेळात अंगाने बारीक, शर्यतीत मागे राहणारी मुले पुढे येतात, म्हणून तो वगळू नये. आणि कागदाचे पुडके: दर थराला एक चिठ्ठी, ताटे थांबली की ज्याच्या हातात पुडके असेल त्याने एक थर सोडून चिठ्ठीत लिहिले ते करायचे. बेडकासारखी उडी मार, गुरुजींची नक्कल कर, आजीला हसव. पुडक्याला रद्दी वापरावी. या साप्ताहिकाचे अंक मात्र वापरू नयेत, त्यावर बाबासाहेबांचे छायाचित्र असते.

केक घरीच केला. दोन वाट्या बारीक रवा, एक वाटी साखर, एक वाटी दही, एक वाटी दूध आणि अर्धी वाटी तेल एकत्र करून अर्धा तास झाकून ठेवायचे. मग चमचाभर बेकिंग पावडर घालून तूप लावलेल्या डब्यात ओतायचे. कुकरमध्ये तळाला दोन वाट्या मीठ, त्यावर ताटली. पाणी नाही, रबर नाही, शिट्टी नाही. कुकर आधी दहा मिनिटे तापवून डबा आत ठेवायचा आणि मंद आचेवर पाऊण तास. सुरी खुपसून कोरडी निघाली की झाला. असे दोन केक केले. विकतच्यासारखा गुलाबी दिसत नाही, पण ताटात एक तुकडाही उरला नाही.

भेळ तीस जणांना पुरली. कुरमुरे एक किलो, फरसाण पाऊण किलो, शेव पाव किलो, उकडलेले बटाटे दीड किलो, कांदा एक किलो, टोमॅटो अर्धा किलो, आणि चिंच-गुळाची चटणी. लहानांसाठी तिखट चटणी वेगळी ठेवावी. कालवायची ती वाढायच्या वेळीच, नाहीतर लगदा होतो.

आमच्या वस्तीतल्या भावाने हिशेब असा लागला. भेळ ५२५, केक २१०, पंधरा लिंबे आणि किलोभर साखरेचे सरबत १२०, फुगे-पताका-मेणबत्त्या १५०, प्रत्येक मुलाला पेन्सिल आणि खोडरबर २४०, बक्षिसाच्या सहा वह्या १२०. एकूण १,३६५ रुपये. शिल्लक १३५.

पण या हिशेबात न दिसणारी एक बाब सांगायची आहे, आणि आमच्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची. आपण खर्च करतो तेव्हा तो आपल्यापुरता राहत नाही. हॉलमध्ये बोलावले की येणाऱ्याला पाकीट आणावे लागते, ते वहीत लिहिले जाते आणि त्याच्या घरी समारंभ झाला की परत करावे लागते. ज्याच्याकडे पाकिटात घालायला काही नाही, तो आपल्या मुलाला पाठवत नाही. दोन वर्षांपूर्वी धाकट्याच्याच वाढदिवसाला त्याच्या वर्गातली, समोरच्या गल्लीतली एक मुलगी आली नव्हती. नंतर कळले की ती नवा फ्रॉक घालून तयार होती. भेट आणायला पैसे नाहीत म्हणून आईने तिला दारातून मागे वळवले. आम्ही आमंत्रण देताना ‘आहेर आणू नये’ असे म्हटले होते, पण तसे सगळेच म्हणतात आणि कुणी खरे धरत नाही.

म्हणून या वेळी आम्ही भेट मागितली. प्रत्येकाने एक कोडे आणायचे, पाकीट आणले तर कोडे धरले जाणार नाही. पोरांनी आजी-आजोबांना, मावशांना विचारून कोडी जमवली. पाऊण तास नुसती कोडी चालली होती. एक कोडे कुणालाच सुटेना, आणि आणणाऱ्याला उत्तर विचारायचे राहून गेले होते; तो पळत घरी जाऊन उत्तर घेऊन आला. समोरच्या गल्लीतली ती मुलगी तीन कोडी घेऊन सगळ्यांच्या आधी, चार वाजताच आली आणि आमच्याबरोबर अंगण झाडू लागली.

दुसऱ्या दिवशी महिला मंडळाच्या भगिनींशी बोलणे झाले आणि सामान वाया जाऊ नये म्हणून विहारात एक पत्र्याची पेटी ठेवली आहे. तीत सहा पोती, लिंबू-चमच्याचे चमचे, स्टीलचे तीस ग्लास, पताका, आणि ‘वाढदिवसाच्या मंगलकामना’ असे लिहिलेला कापडी फलक आहे. फलकावर नावाची जागा मोकळी सोडली आहे; नाव कागदावर लिहून टाचणीने लावायचे. पेटीबरोबर एक वही आहे, तीत तारीख आणि नाव लिहून सामान न्यायचे. आतापर्यंत चार नावे लागली आहेत. तिसरे नाव जूनमध्ये आमच्याकडे आलेल्या त्या भगिनींचे आहे. त्यांच्या थोरल्याचा वाढदिवस डिसेंबरात आहे आणि त्याने पोत्याच्या शर्यतीचा सराव आत्तापासून सुरू केला आहे.

पेटीची किल्ली आमच्या घरी असते. ग्लास तेवढे धुऊन परत करावेत.