जंतुरोधक रसायने आणि गर्भस्थ शिशू

साबणास जंतुरोधक गुण यावा म्हणून ट्रायक्लोसान व ट्रायक्लोकार्बन ही रसायने अनेक वर्षे जगभर वापरली गेली. जंतूंच्या पेशींत मेदाम्ले घडविणाऱ्या एका विकराचे कार्य ट्रायक्लोसान रोखून धरते. त्याचा परिणाम धुणाऱ्याच्या हातापुरताच राहतो काय, हा येथे विचारात घ्यावयाचा प्रश्न होय.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन विभागातील गर्भवती स्त्रियांची एक पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. सुमारे १८० स्त्रियांच्या मूत्राची तपासणी केली असता प्रत्येक नमुन्यात ट्रायक्लोसान आढळले. नाळेतील रक्ताच्या ३३ नमुन्यांपैकी सुमारे निम्म्यांतही ते होते. अर्थात, हे द्रव्य वार ओलांडून गर्भापर्यंत पोचते.

तथापि संपर्क सिद्ध झाला म्हणजे अपाय सिद्ध झाला, असे नव्हे. ट्रायक्लोसानमुळे उंदरांच्या रक्तातील थायरॉक्सिन घटते. मानवी गर्भ आरंभीच्या महिन्यांत मातेच्याच थायरॉक्सिनवर अवलंबून असल्याने ही गोष्ट उपेक्षणीय नाही. परंतु जन्मवजनाशी त्याचा संबंध काही पाहण्यांत दिसतो, काहींत दिसत नाही. ट्रायक्लोसानचा बराचसा भाग थोड्याच दिवसांत शरीराबाहेर पडतो. त्यामुळे मूत्राचा एकच नमुना नऊ महिन्यांची साक्ष देऊ शकत नाही.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये घरगुती जंतुरोधक साबणांतून या दोहोंसह १९ द्रव्ये वगळण्याचा निर्णय घेतला. दीर्घ वापरातील निर्धोकपणा आणि साध्या साबणापेक्षा अधिक गुण, ही दोन्ही उत्पादकांना सिद्ध करता आली नाहीत, हे त्याचे कारण. पुराव्याचा भार येथे मातेवर नव्हे, तर उत्पादकावर टाकला गेला.

यावरून प्रसूतिगृहातील निर्जंतुकीकरण शिथिल करावे, असा निष्कर्ष मात्र काढता येणार नाही. व्हिएन्ना येथे सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा दंडक घातला आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. तेथे लाभ प्रत्यक्ष होता. घरगुती साबणातील जादा रसायनाविषयी तसे म्हणता येत नाही.

कोल्हापूर परिसरात अशी पाहणी योजावयाची झाल्यास गर्भारपणात मूत्राचे नमुने अनेकदा घ्यावे लागतील. शिवाय मातेचा रक्तक्षय, आहार आणि मिश्रीचा वापर यांचीही नोंद आवश्यक ठरेल. कारण तंबाखूनेही जन्मवजन घटते. ही कारणे वेगळी न केल्यास एकाचा दोष दुसऱ्यास लागेल. तोपर्यंत गर्भवतीस साधा साबण व स्वच्छ पाणी यांचाच सल्ला देणे युक्त होय.