बाराखडीला गप्पांची जोड

मूल शाळेत जाऊ लागलं की घरातले पहिल्यांदा विचारतात, 'अक्षरं आली का?' प्रश्न रास्त आहे, पण अपुरा. फिलिप गफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये वाचनाचं एक सूत्र मांडलं: अक्षरं उलगडता येणं आणि बोललेली भाषा समजणं यांचा गुणाकार म्हणजे वाचन. बेरीज केली असती तर एका बाजूची उणीव दुसरीने भरून निघाली असती. गुणाकारात एक आकडा शून्य असला की उत्तर शून्यच. शहरातल्या मुलीने 'मळणी' हा शब्द बिनचूक वाचला, पण तो तिच्या कानावर कधी पडलेलाच नसेल, तर तिच्या हाती फक्त आवाज लागतो. आपली बहुतेक मेहनत अक्षरांवर खर्च होते आणि भाषा आपोआप येईल असं आपण धरून चालतो.

भाषा येते ती बोलण्याच्या देवाणघेवाणीतून. अमेरिकेत रेचेल रोमिओ आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये चार ते सहा वर्षांच्या ३६ मुलांच्या घरातलं बोलणं ध्वनिमुद्रित केलं आणि गोष्ट ऐकताना त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. मोठी माणसं किती शब्द बोलतात यापेक्षा मुलाशी आळीपाळीने किती बोलणं होतं, याचा मेंदूतल्या भाषेच्या भागाच्या सक्रियतेशी अधिक जवळचा संबंध दिसला. आईवडिलांची कमाई आणि शिक्षण जमेस धरूनही तो टिकला. नमुना लहान आहे आणि संबंध म्हणजे कारण नव्हे, हा आक्षेप योग्यच. पण त्याच्या तीस वर्षं आधी, १९८८ मध्ये, ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी प्रत्यक्ष प्रयोग केला होता. गोष्ट वाचताना मध्येच थांबायचं, 'मांजर का बरं लपलं असेल?' असं विचारायचं, मूल 'भ्यालं' म्हणालं की 'हो, कुत्र्याला भ्यालं' असं वाक्य वाढवून द्यायचं, एवढंच पालकांना शिकवलं. महिन्याभरात ती मुलं भाषेच्या चाचण्यांत इतरांच्या पुढे गेली. त्या इतर मुलांनाही गोष्टी वाचून दाखवल्या जातच होत्या.

मग अक्षरं सावकाश शिकवावीत का? मुळीच नाही. देवनागरी नीट, क्रमाने शिकवावीच लागते. 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते आणि उच्चारताना 'क' आधी. अशी गोष्ट मुलाला आपली आपण उमगत नाही. अडचण आहे ती आधी सगळी मुळाक्षरं, मग सगळी बाराखडी आणि अर्थ त्यानंतर, या क्रमाची. क, म, न, ल आणि काना एवढ्यावर काम, नाक, कान, मान, लाल, कमल हे शब्द तयार होतात. पहिल्या काही आठवड्यांतच मूल अर्थ असलेलं काहीतरी वाचू शकतं, आणि त्यावर बोलूही शकतं.

पालक निरक्षर असतील तर? गोष्ट सांगायला, प्रश्न विचारायला अक्षरओळख लागत नाही. खरी अडचण वेगळीच आहे. मेळघाटातल्या मुलाची भाषा कोरकू, डहाणूतल्या मुलाची वारली, आणि पुस्तक मात्र प्रमाण मराठीत. अंगणवाडीताई बहुधा गावातलीच असल्याने तिथे गप्पा निभतात. पहिलीत गुरुजी बदलतात, भाषा बदलते आणि बोलकं मूल गप्प होतं. त्याच्या भाषेतल्या शब्दांनीच देवनागरीची सुरुवात करून मराठी हळूहळू वाढवणं शक्य आहे. त्यासाठी गुरुजींना ती भाषा शिकवावी लागेल, किंवा ती जाणणारं गावातलं माणूस मानधन देऊन वर्गात घ्यावं लागेल.