आज्ञाचिन्ह बिघडते तेव्हा

संगणकाला काम सांगण्याचे दोन मार्ग आहेत. एक, पडद्यावरील चित्रांवर टिचकी देण्याचा. दुसरा, एका साध्या खिडकीत अक्षरे टंकून आज्ञा देण्याचा. या दुसऱ्या मार्गावर आपण आणि यंत्र यांच्यामध्ये जो दुभाषा असतो, त्याला ‘शेल’ म्हणतात. आज्ञा ऐकण्यास तो सिद्ध झाला की ओळीच्या आरंभी एक खूण उमटवितो. तिचे नाव ‘प्रॉम्प्ट’. आम्ही तिला आज्ञाचिन्ह म्हणू.

हे चिन्ह केवळ शोभेचे नव्हे. आपण कोणत्या नावाने काम करीत आहोत आणि कोणत्या फोल्डरमध्ये उभे आहोत, हे ते सांगते. शेवटी ‘#’ दिसले, तर यंत्रावरील सर्व अधिकार आपल्या हाती आहेत असा तो इशारा असतो. फायली पुसण्याची आज्ञा भलत्याच फोल्डरमध्ये दिली गेली, तर त्या कचराटोपलीतही सापडत नाहीत. म्हणून आज्ञाचिन्ह बिघडले असता काम तसेच पुढे रेटणे धोक्याचे.

ते बिघडते कसे? ब्रायन फॉक्स यांचा ‘बॅश’ हा शेल १९८९ मध्ये व पॉल फालस्टॅड यांचा ‘झेड-शेल’ १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. अ‍ॅपलच्या मॅक संगणकांवर २००३ पासून बॅश हा नेमून दिलेला शेल होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या ‘कॅटलिना’ या आवृत्तीपासून नव्या खात्यांना झेड-शेल मिळू लागला, आणि जुन्या खात्यांनाही तो स्वीकारण्याची सूचना दिसू लागली. अनेकांनी तो स्वीकारला व आज्ञाचिन्हाची आपली जुनी ओळ नव्या शेलच्या फायलीत जशीच्या तशी उतरविली. मग नाव व फोल्डर यांच्या जागी पडद्यावर उलट्या तिरक्या रेघा आणि सुटी अक्षरे तेवढी उमटू लागली.

येथे यंत्र बिघडलेले नसते. वाचणारा बदललेला असतो. गोव्यात कोंकणी घरी ‘भात’ म्हणजे टरफलासह असलेले धान्य. शिजवलेल्या अन्नाला ‘शीत’ म्हणतात. मराठी पाहुण्याच्या ताटातला भात तो हा नव्हे. अक्षरे तीच, अर्थ निराळा. बॅशमध्ये ‘\’ या रेघेपुढे रोमन ‘यू’ म्हणजे वापरणाऱ्याचे नाव, ‘एच’ म्हणजे यंत्राचे नाव व लहान ‘डब्ल्यू’ म्हणजे चालू फोल्डर. झेड-शेलला हे संकेत ठाऊक नाहीत. त्याचे संकेत ‘%’ या चिन्हाने सुरू होतात.

उपाय क्रमाने करावा. प्रथम कोणता शेल चालू आहे ते विचारावे: ‘इको’, मग जागा सोडून डॉलरचे चिन्ह व त्याला लागून शून्य. उत्तरात ‘झेडएसएच’ आले, तर झेड-शेल ओळखावा. नंतर ‘झेडएसएचआरसी’ या फायलीची प्रत काढून ठेवावी. तिच्या नावाआधी टिंब असल्याने ती एरवी दृष्टीस पडत नाही. मग फाईल उघडून ‘पीएस’ व १ यांनी आरंभ होणारी ओळ शोधावी. ‘\’ व ‘यू’ यांच्या जागी ‘%’ व ‘एन’. ‘एच’च्या जोडीऐवजी ‘%’ व ‘एम’. ‘डब्ल्यू’च्या जोडीऐवजी ‘%~’. आणि शेवटच्या ‘\$’ऐवजी ‘%#’ लिहावे. ही सर्व अक्षरे लहान रोमन लिपीतच हवीत. फाईल जतन करून नवी खिडकी उघडावी. नव्या खिडकीत सर्व ठीक दिसेपर्यंत जुनी मिटू नये.

इतके करूनही दोष राहिला, तर ‘झेडएसएच’ लिहून, जागा सोडून, उणे चिन्ह व त्याला लागून ‘एफ’ टंकावे. असा सुरू केलेला शेल आपली वैयक्तिक फाईल वाचीत नाही. तेथे आज्ञाचिन्ह नीट दिसले, तर दोष आपल्या फायलीतच आहे हे निश्चित झाले. ‘एक्झिट’ म्हणताच आपण पूर्वस्थळी येतो.

अशा वेळी घाबरून सारी प्रणाली पुसून नव्याने बसविण्याचा सल्ला पुष्कळदा ऐकू येतो. विद्यार्थीमित्रहो, तो मानू नका. एका ओळीतील चार संकेत बदलण्यासाठी वर्षभराचे काम पणाला लावण्याचे कारण नाही. आधी वाचणारा कोण ते पाहा. मग लिहिलेले दुरुस्त करा.