ले-आऊट मंजूर आहे, पण पाणी कुठून येणार?

नोकरी लागून चार-दोन वर्षे झाली की आपल्या माणसाच्या मनात प्लॉटचा विचार येतो. ज्यांचे लहानपण भाड्याच्या एका खोलीत गेले, त्यांना तो का येतो हे सांगण्याची गरज नाही. आम्ही बँकेत कारकून आहोत. गृहकर्जाच्या शेकडो फायली आमच्या टेबलावरून गेल्या. त्यांत समाजबांधवांच्याही पुष्कळ होत्या. फाईल उघडली की आम्ही सातबारा, विक्रीपत्र, अकृषिक आदेश, मंजूर नकाशा, सुधार प्रन्यासाचे आर. एल. आणि पगारपत्रक पाहतो. पाण्याचा कागद त्यात नसतो. बँकेला आपला पैसा परत येण्याची काळजी. नळाला पाणी येईल की नाही, हा तिचा प्रश्न नव्हे. ग्राहक मात्र समजतो की, बँकेने कर्ज दिले म्हणजे सगळे तपासूनच दिले. हा गैरसमज दूर व्हावा म्हणून हे चार शब्द.

ले-आऊट मंजूर होतो म्हणजे शेतजमिनीचे तुकडे कसे पाडायचे, याला मान्यता मिळते. रस्ते किती रुंद, जमीन रहिवासी पट्ट्यात आहे काय, हे तपासतात. जमीन ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठी असेल तर १० टक्के मोकळी जागा सोडली आहे काय, हेही पाहतात. पाण्याबाबत नकाशावर एखादी विहीर दाखवलेली असते, किंवा जलवाहिनीची रेघ आणि तिच्यापुढे ‘प्रस्तावित’ असा शब्द. नकाशावरचा सर्वांत महागडा शब्द हाच, असे आमचे मत झाले आहे. ती रेघ कोण टाकणार, कोणत्या साली आणि कोणाच्या खर्चाने, हे त्या शब्दात येत नाही.

नागपूरकरांना ‘५७२ ले-आऊट’ आणि ‘१९०० ले-आऊट’ ही नावे नवीन नाहीत. आधी प्लॉट विकले गेले, माणसे राहायला आली, मग नियमितीकरण, मग विकास शुल्काची डिमांड, आणि नळ व गटार त्यानंतर. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशा हजारो कुटुंबांच्या डोक्यावरची टांगती तलवार काढली हे खरे. पण कागद नियमित झाला म्हणून जमिनीखाली पाईप उगवत नाही.

थोडा हिशेब करू. भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी हे आपल्या देशातले मानक आहे. १०० प्लॉटचा ले-आऊट, घरटी पाच माणसे धरली तर रोज ६७,५०० लिटर झाले. दहा हजार लिटरचे सात टँकर! वर मजला चढला आणि भाडेकरू आले की चौदा. जी विहीर संत्र्याच्या बागेला पुरत होती ती शंभर घरांना का पुरत नाही, असे लोक विचारतात. बाग होती तेव्हा पावसाचे पाणी त्याच जमिनीत मुरत होते. आता तिथे स्लॅब, फरशी आणि डांबर आहे.

आता आमचीच गोष्ट. २०१० साली आम्ही शहराच्या दक्षिणेला ३० बाय ५० चा प्लॉट घेतला. कागद चोख होते. ते आम्हीच तपासले होते, आणि त्याचा अभिमानही होता. जागा दाखवली ती दिवाळीनंतर. विहीर काठोकाठ भरलेली. पहिली दहा-बारा घरे होईस्तोवर तिने साथ दिली. पुढे ज्याने त्याने बोअर मारली. आमची १८० फुटांवर लागली, शेजाऱ्यांनी २५० पर्यंत नेली, आणि चौथ्या उन्हाळ्यात आमची कोरडी पडली. तेव्हा पाण्यासाठी शेजाऱ्यांशी जे बोलणे झाले ते आठवले की आजही संकोच वाटतो. चूक त्यांचीही नव्हती.

त्याहून वाईट पुढेच होते. गटार नसल्यामुळे घरोघरी सेप्टिक टँक आणि शोषखड्डा. वापरलेल्या पाण्याचा सुमारे ८० टक्के भाग सांडपाणी होऊन परत निघतो. म्हणजे वरच्या हिशेबात रोज ५४,००० लिटर, तेही त्याच जमिनीत. शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याचा स्रोत यांत किमान १८ मीटर, म्हणजे ५९ फूट अंतर असावे, असे भारतीय मानक सांगते. ३० बाय ५० च्या प्लॉटचा कर्ण काढून पाहा. तो ५८ फूट भरतो! एका कोपऱ्यात बोअर आणि समोरच्या कोपऱ्यात खड्डा घेतला तरी नियम पाळता येत नाही, आणि शेजाऱ्याचा खड्डा तर भिंतीपलीकडेच असतो. आम्ही पाणी तपासून घेतले. ते पिण्यास अयोग्य निघाले. तोपर्यंत घरातली लहान मुले तेच पाणी पीत होती.

नळ आला तरी नळाच्या मागे धरणच असते. नागपूरचे बहुतांश पाणी पेंच प्रकल्पाचे. २०१९ च्या जुलैत पाऊस लांबला, तोतलाडोह आटला आणि महापालिकेला एक दिवसाआड पाणी द्यावे लागले. पुण्यात तर २०१६ मध्ये बाणेर-बालेवाडीतील पाणीटंचाईचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि तिथल्या नव्या बांधकाम परवानग्यांना न्यायालयाने अटकाव केला. पाणी नसताना परवानगी का द्यावी, हा प्रश्न न्यायालयालाही पडला, मग आपण विचारायला का लाजावे?

इसार देण्यापूर्वी विचारा: हा ले-आऊट कोणत्या जलकुंभाच्या क्षेत्रात येतो? तो बांधलेला आहे की प्रस्तावित? मुख्य जलवाहिनी किती अंतरावर आहे? विकास शुल्क भरले आहे काय, आणि त्यात पाणी व गटार दोन्ही धरले आहे काय? तोंडी उत्तरावर थांबू नका. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर अपेक्षित असते. आपले विद्यार्थी हा अर्ज सहज लिहू शकतील. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी त्यांनी तो लिहावा.

आणि जागा पाहायला दिवाळीत जाऊ नका. मे महिन्यात, सकाळी सहा वाजता, विक्रेत्याला न सांगता जा. कोणाच्या दारापुढे निळे ड्रम आहेत ते पाहा, आणि तिथल्या एखाद्या ताईंना विचारा, टँकर किती वाजता येतो.