घरातील संगणकांचे जाळे : दोष कोठे शोधावा?



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हाला आठवीत विजेचे मंडल शिकविले. बल्ब लागला नाही की आम्ही मुले सेल, तार, कळ, बल्ब असे सारेच एकदम बदलून पाहत असू. पुढे बल्ब लागला तरी दोष कशात होता, हे कोणालाच सांगता येत नसे. सर तेव्हा एवढेच म्हणत, "वीज कोठवर पोहोचली, ते आधी सांगा." व्याख्यानाचा विषय कळवावा असे शाळेचे पत्र आले, त्या वेळी मी घरी अशाच एका न लागणाऱ्या दिव्यापाशी बसलो होतो. तेव्हा तोच विषय आपणापुढे मांडतो. तो घरगुती आहे. पण आज बहुतेक घरांत लॅपटॉप, छपाई यंत्र आणि चार-पाच फोन असतात, आणि ती एकमेकांना 'दिसत' नाहीत ही तक्रारही तितकीच घरोघरची आहे.

आमचे घर सुरतेत अडाजणला. खाली थोरल्या बंधूंचा जरीचा व्यापार, वर बिऱ्हाड. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेले पाणी तापीने शहरात आणले, तेव्हा खालच्या मजल्यावरील वह्या आणि संगणक दोन्ही गेले. येणे किती आणि देणे किती, हे पुढे कित्येक महिने व्यापाऱ्यांच्या तोंडी शब्दावर ठरवावे लागले. त्या अनुभवानंतर दादांनी नियम घातला की खालच्या संगणकावरील हिशेबाची प्रत रोज रात्री वरच्या मजल्यावर गेलीच पाहिजे. अलीकडे हे काम माझा लॅपटॉप आपोआप करीत असे.

२०२४ च्या जूनमध्ये, पाऊस तोंडावर असताना, शेवटची प्रत तीन आठवड्यांपूर्वीची आहे असे मला आढळले. प्रत घेणारी आज्ञा रोज निमूटपणे अपयशी ठरत होती आणि ते पाहण्याचे कष्ट मी घेतले नव्हते. दादांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "अरे, इंटरनेट तर दोन्हीकडे चालतंय. मग बिघडलं काय?"

या प्रश्नातच सगळी मेख आहे. इंटरनेट चालणे आणि घरातील दोन यंत्रांनी एकमेकांशी बोलणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली ठीक असली म्हणून दुसरी ठीक असते असे नाही. आणि उलट, बाहेरची तार तुटलेली असतानाही घरातल्या घरात छपाई उत्तम होऊ शकते.

प्रत्येक यंत्राला जाळ्यात एक अंकी पत्ता असतो. चार भागांचा हा पत्ता घरांत बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. खाजगी वापरासाठी पत्त्यांचे तीन गट राखून ठेवल्याची नोंद फेब्रुवारी १९९६ च्या एका प्रसिद्ध तांत्रिक टिपणात आहे; हा त्यांपैकीच एक. त्यामुळे सुरतेतील असंख्य घरांत तेच ते आकडे आढळतात आणि तरीही घोटाळा होत नाही. आपल्याकडे प्रत्येक सोसायटीत बारा नंबरचे घर असते, पण सोसायटीचे नाव असल्याने टपाल चुकत नाही, तसेच हे. साधारणपणे पहिले तीन आकडे म्हणजे सोसायटी आणि चौथा म्हणजे घर. सोसायटी एक असेल तर यंत्रे थेट बोलतात. निराळी असेल तर टपाल वेशीवरच्या राउटरकडे सोपवावे लागते, आणि पुढे काय होईल ते त्या राउटरवर अवलंबून.

हे मला ठाऊक नव्हते असे नाही. तरीही मी आधी चूकच केली. लॅपटॉपवरून खालच्या संगणकाला 'पिंग' केले. ही छोटी आज्ञा अमेरिकेच्या सैन्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिली. पाणबुडीचा वेध घेणाऱ्या ध्वनियंत्राच्या आवाजावरून तिला नाव दिले. हाक मारायची आणि प्रतिध्वनी येतो का ते ऐकायचे, एवढेच तिचे काम. उत्तर आले नाही. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' असे शब्द उमटले आणि मी ठरवून टाकले की खालच्या संगणकाची संरक्षक भिंत, म्हणजे फायरवॉल, आडवी येत आहे. ओळखीच्या एका दुरुस्ती करणाऱ्यानेही फोनवर तोच सल्ला दिला : "बंद करून टाका."

हा सल्ला सर्रास दिला जातो, म्हणून येथे थोडे थांबतो. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा उपद्रवी प्रोग्रॅम जगभर पसरला. विंडोजमध्ये फाइलींच्या देवघेवीची जी जुनी पद्धत होती, तिच्यातील छिद्रातून तो एका संगणकातून शेजारच्या संगणकात आपणहून शिरत असे आणि फाइली कुलूपबंद करून खंडणी मागत असे. त्या छिद्रावरचा उपाय दोन महिने आधीच, मार्चमध्ये, प्रसिद्ध झाला होता. ज्यांनी तो बसविला नव्हता त्यांचे नुकसान झाले. अशा देवघेवीच्या दारावर जो पहारा असतो, तोच आम्ही हिशेबाच्या संगणकावरून काढायला निघालो होतो. हात आवरला तो सरांच्या त्या जुन्या वाक्याने. वीज कोठवर पोहोचली, हे आम्ही पाहिलेच नव्हते.

मग दोन्ही यंत्रांवर 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा देऊन आकडे कागदावर उतरवून घेतले. लॅपटॉप : १९२.१६८.१.६. खालचा संगणक : १९२.१६८.०.१०२. तिसरा आकडा निराळा, म्हणजे सोसायटीच निराळी. एका घरात दोन सोसायट्या आल्या कोठून? तीन आठवड्यांपूर्वी, खाली फोनला वायफाय नीट मिळत नाही म्हणून दादांनी दुसरा राउटर आणून जोडला होता. पूर्वी वरून आलेली तार थेट संगणकात जात असे; आता ती या नव्या राउटरच्या 'बाहेरच्या' तोंडात गेली होती आणि त्याने खालच्या मजल्याचे स्वतंत्र संस्थान उभारले होते.

गंमत अशी की खालून वर छपाई मात्र चालू होती. त्यामुळेच जाळे शाबूत आहे, असे दादांना वाटत होते. घरगुती राउटर आतून बाहेर जाणाऱ्या पत्राची नोंद ठेवतो आणि त्याचे उत्तर आत येऊ देतो. बाहेरून न बोलावता आलेल्याला मात्र तो आत घेत नाही. नव्या राउटरच्या दृष्टीने वरचा मजला म्हणजे 'बाहेर'. म्हणून खालचा संगणक वरच्या छपाई यंत्रापर्यंत पोहोचत होता, पण वरचा लॅपटॉप खाली उतरू शकत नव्हता. एक दिशा चालते आणि दुसरी चालत नाही, असे दिसले की घरात दुसरा राउटर आहे का, हे सर्वप्रथम पाहावे.

उपाय सोपा, पण क्रम महत्त्वाचा. काही राउटरांत 'ॲक्सेस पॉइंट' असा पर्याय असतो. तो निवडला की काम झाले. आमच्या राउटरात तो नव्हता. म्हणून आधी त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ केला (वरचा राउटर हा पत्ता दुसऱ्या कोणाला देणार नाही याची खात्री करून), मग पत्ते वाटण्याचे त्याचे काम, ज्याला डीएचसीपी म्हणतात, बंद केले, आणि शेवटी वरून आलेली तार 'बाहेरच्या' तोंडातून काढून 'आतल्या' तोंडात घातली. तार आधी हलविली असती तर एका घरात पत्ते वाटणारे दोन कारभारी झाले असते, आणि कोणत्या फोनला कोणता पत्ता मिळेल याचा नेम राहिला नसता.

संगणक पुन्हा सुरू केला. आता त्याचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होत होता. मी आनंदाने पिंग केले, आणि उत्तर नाहीच!

येथे मात्र मी घाई केली नाही. लॅपटॉपवर 'एआरपी' ही आज्ञा दिली. एकाच सोसायटीत पत्र पोहोचविण्यापूर्वी यंत्र सर्वांना विचारते, "अमुक पत्ता कोणाचा?" आणि ज्याचा असेल तो आपला कारखान्यातून मिळालेला क्रमांक सांगतो, ही रीत १९८२ मध्ये ठरली. अशा उत्तरांची यादी ही आज्ञा दाखविते. खालच्या संगणकाचा क्रमांक तीत आला होता. म्हणजे तार ठीक, पत्ता ठीक, यंत्र जागे. फक्त हाकेला ओ देत नव्हते. संरक्षक भिंतीवर संशय घेण्याची वेळ आता आली होती.

विंडोजला नवे जाळे दिसले की ते त्याला 'सार्वजनिक' समजते आणि ओळख देत नाही. रेल्वे स्थानकावरच्या वायफायसाठी हे योग्यच आहे. तारा बदलल्यामुळे आमच्या संगणकाला आपलेच घर परके झाले होते. भिंत न पाडता त्या जाळ्याला 'खाजगी' ठरविले, हिशेबाच्या एकाच फोल्डरला, तेही परवलीच्या शब्दासह, वाटपाची परवानगी दिली, आणि पिंगला उत्तर आले.

उरले एक. प्रत घेणाऱ्या आज्ञेत जुना पत्ता लिहिलेला होता. तो बदलला आणि पुन्हा बदलू नये म्हणून वरच्या राउटरमध्ये या संगणकासाठी तो राखून ठेवला.

आपल्या घरी दोष अगदी हाच असेल असे नाही. पत्ता १६९.२५४ ने सुरू झालेला दिसला तर यंत्राला पत्ता मिळालेलाच नाही असे समजावे; मग तार किंवा वायफायचा परवलीचा शब्द तपासावा. एक यंत्र 'पाहुण्यांच्या' वायफायवर असेल तर ते इतरांपासून मुद्दाम वेगळे ठेवलेले असते. कार्यालयाच्या कामासाठी व्हीपीएन चालू असेल तर लॅपटॉप घरात असूनही घरच्या यंत्रांपर्यंत पोहोचत नाही, असे बरेचदा घडते. आणि अंकी पत्त्याने फोल्डर उघडतो पण नावाने उघडत नाही, असे झाले तर जाळे निर्दोष आहे. दोष नाव शोधण्यात आहे. यांपैकी कशातही भिंत पाडण्याची गरज नसते.

त्या रात्री प्रत पूर्ण झाली. दादांना तेवढ्याने समाधान नव्हते. त्यांनी मला वरच्या प्रतीतून मे महिन्याची खातेवही उघडायला लावली आणि चष्मा लावून शेवटची बाकी खालच्या आकड्याशी जुळवून पाहिली. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही वरच्या प्रतीतील एक वही अशीच उघडून पाहतो.