खेळाडूही तेच, अंपायरही तेच!

दिवाळीला घरी जायचंय आणि तिकीट काही 'वेटिंग'च्या बाहेर येत नाही, हे तुमच्यापैकी बहुतेकांना नवं नसेल. अशा वेळी ग्रुपमधला एक जण हमखास म्हणतो, "विमानं खासगी, बस खासगी, मग ट्रेन का नाही?" प्रश्न अगदी रास्त आहे. पण सरकारने हा प्रयोग करून पाहिलाय, हे माहितीये का?

जुलै २०२० मध्ये रेल्वेने १०९ मार्गांवर १५१ खासगी गाड्यांसाठी कंपन्यांना बोलावलं. मार्गांचे १२ गट केले, त्यातले दोन मुंबईचे. करार ३५ वर्षांचा, अपेक्षित गुंतवणूक सुमारे ३० हजार कोटी रुपये. सुरुवातीला १५ कंपन्यांचे मिळून १२० अर्ज आले. जुलै २०२१ मध्ये निविदा उघडल्या, तेव्हा उरले फक्त दोघं. एक मेघा इंजिनीअरिंग आणि दुसरी आयआरसीटीसी, म्हणजे रेल्वेचीच कंपनी! नऊ गटांकडे तर कुणी फिरकलंच नाही. शेवटी योजना गुंडाळावी लागली.

असं का झालं? अटी बघा. गाड्या कंपनीने आणायच्या, त्याही ताशी १६० किलोमीटर धावू शकतील अशा. ड्रायव्हर आणि गार्ड मात्र रेल्वेचे. रूळ, सिग्नल, स्टेशन रेल्वेचं. ते वापरण्याचं ठरलेलं भाडं द्यायचं, विजेचं बिल भरायचं, वर एकूण उत्पन्नातला वाटाही द्यायचा. तिकिटाचा दर ठरवायची मोकळीक होती. पण त्याच मार्गावर रेल्वेची स्वस्त गाडी असताना दर वाढवणार किती?

खरी मेख पुढेच आहे. तुमची गाडी सिग्नलला अडकली आणि रेल्वेची पुढे गेली, तर दाद कुणाकडे मागायची? मोबाइल कंपन्यांसाठी ट्राय आहे, रेल्वेसाठी तसा स्वतंत्र नियामक नव्हता. 'रेल विकास प्राधिकरणा'ला मंत्रिमंडळाने एप्रिल २०१७ मध्येच मंजुरी दिली होती, पण निविदा निघाल्या तेव्हाही ते कागदावरच होतं. मैदान रेल्वेचं, समोरची टीम रेल्वेची आणि अंपायरही रेल्वेच!

ब्रिटनमध्ये हे काम 'ऑफिस ऑफ रेल अँड रोड' ही स्वतंत्र संस्था करते. नवी गाडी नवे प्रवासी आणणार की आधीच्या गाड्यांचेच पळवणार, हे ती तपासते. लंडन-एडिंबरा मार्गावर २०२१ पासून धावणारी 'लुमो' या चाळणीतून आली. तिथेही सगळ्यांना हिरवा सिग्नल मिळत नाही. जुलै २०२५ मध्ये वेस्ट कोस्ट मार्गासाठीचे तीन कंपन्यांचे अर्ज फेटाळले गेले, त्यात व्हर्जिनही होती. कारण सांगितलं गेलं : रुळांवर जागाच नाही.

दुसरी बाजूही लक्षात घ्या. आपल्याकडे प्रवासी वाहतुकीतला तोटा मालवाहतुकीच्या कमाईतून भरून निघतो, म्हणूनच तुमचा पास आणि पॅसेंजरचं तिकीट परवडतं. खासगी कंपनी कमाईच्या मार्गांवरच येणार. मग आडवाटेच्या गाड्या कुणी चालवायच्या?

सध्या खासगी कंपन्यांना 'भारत गौरव' योजनेतून गाड्या भाड्याने घेता येतात. पहिली जून २०२२ मध्ये कोइम्बतूरहून आपल्या शिर्डीला आली. पण ती सहलीची गाडी, रोजची नव्हे.

त्यामुळे कट्ट्यावर पुन्हा 'सरकारी की खासगी' वाद रंगला, तर आधी एवढंच विचारा : अंपायर कोण?