गव्हाविना दिवाळी : सर्वांसाठी एकच फराळ

दिवाळीच्या तोंडावर सिल्लोडच्या बाजारात नवा मका येऊ लागतो, घरोघरी भाजण्या निघतात आणि दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो : ‘‘डॉक्टर, आईंना गहू बंद केला आहे, पण सणाची एखादी करंजी खाल्ली तर काय होते?’’ ज्यांना सिलिअ‍ॅक आजार आहे, त्यांच्यासाठी उत्तर एकच : एका करंजीचाही अपवाद नाही. मात्र सण सुना जाण्याचे काहीच कारण नाही.

आजार कोणता?

गहू, सातू (जव) आणि राय या धान्यांत ग्लुटेन हे प्रथिन असते. सिलिअ‍ॅक आजारात या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते आणि अन्नरस शोषणारे तेथील सूक्ष्म अंकुर झिजतात. जगात साधारणतः शंभरांत एकाला हा आजार असतो. तो केवळ लहान मुलांचा आहे, हा समज चुकीचा आहे. साठीनंतरही त्याचे निदान होते. ज्येष्ठांना जुलाब होतीलच असे नाही. लोहाच्या गोळ्यांनी न हटणारा रक्तक्षय, ठिसूळ हाडे किंवा घटणारे वजन एवढीच खूण असू शकते.

डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी गव्हाचा व या आजाराचा संबंध १९४०च्या दशकात दाखवून दिला. आजही खरा उपचार आहारच आहे. एक सूचना महत्त्वाची : शंका आली म्हणून परस्पर गहू सोडू नये. गहू आहारात असतानाच रक्ततपासणी आणि गरजेनुसार दुर्बिणीतून आतड्याची तपासणी करावी. अन्यथा निदान निसटते. ज्यांना हा त्रास नाही, त्यांनी गहू वर्ज्य करण्याची गरज नाही.

फराळाचे ताट तपासा

आपल्या फराळातील बरेच पदार्थ मुळातच गव्हाविना होतात : तांदूळ-डाळींच्या भाजणीची चकली, पोह्यांचा चिवडा, बेसनाचे लाडू, शेव, अनारसे. वर्ज्य ठरतात ती मैद्याची करंजी व शंकरपाळी, रव्याचे लाडू, चिरोटे आणि गव्हाची कुरडई. करंजीची हौस तांदळाच्या उकडीच्या, वाफवलेल्या करंजीने भागवता येते.

धोका अधिक असतो तो न दिसणाऱ्या गव्हाचा. बाजारातील बहुतेक बांधानी हिंगात गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. मेतकुटात आणि थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. ज्येष्ठांना शक्तीसाठी दिल्या जाणाऱ्या कित्येक पेयांत सातूचे माल्ट असते. म्हणून वेष्टनावरील घटक वाचावेत. आपल्याकडील नियमानुसार ‘ग्लुटेनमुक्त’ पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन असता कामा नये.

गिरणीचेही तसेच. आधी गहू दळलेल्या जात्यातून आलेल्या ज्वारीच्या पिठात गव्हाचे पीठ उतरतेच. गव्हासाठी न वापरलेली घरघंटी किंवा स्वच्छ मिक्सर हा सुरक्षित मार्ग. करंज्या तळलेल्या तेलात चकली तळू नये. चाळणी, पोळपाट व झारा वेगळा ठेवावा.

घरची नानकटाई

तूप-साखर-पीठ देऊन बेकरीतून नानकटाई भाजून आणण्याची पद्धत गावोगावी आहे. परंतु तेथील भट्टी आणि पत्र्यांना मैदा लागलेला असतो. म्हणून ती घरीच भाजावी. एक वाटी ज्वारीचे पीठ, अर्धी वाटी बेसन, अर्धी वाटी तूप, अर्धी वाटी पिठीसाखर, पाव चमचा बेकिंग पावडर आणि वेलदोडा घ्यावा. तूप-साखर फेसून त्यात पिठे मिसळावीत. गोळा फुटत असल्यास चमचाभर दूध घालावे. जाड बुडाच्या पातेल्यात मिठाचा थर पसरून वर अडणी ठेवावी, झाकण लावून पातेले दहा मिनिटे तापवावे. मग नानकटाईची ताटली आत ठेवून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे भाजावे. पूर्ण गार झाल्याशिवाय उचलू नये.

ग्लुटेनमुळे कणकेला चिवटपणा येतो. तो नसल्याने ही पिठे तुटतात. परंतु ज्वारी-बाजरीची भाकरी थापणाऱ्या हातांना गरम पाण्याने पीठ कसे सांधावे, हे शिकवावे लागत नाही. नानकटाईला तर चिवटपणा नकोच असतो. ती तोंडात विरघळते, त्यामुळे कवळी असणाऱ्यांनाही सोपी जाते. मधुमेहींनी मात्र लक्षात ठेवावे : ग्लुटेनमुक्त म्हणजे साखरमुक्त नव्हे. एक-दोन नगांवर थांबावे.

वेगळे ताट नको

सणाच्या दिवशी एकट्या आजीपुढे वेगळी वाटी ठेवली, की ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’ असे तिला वाटते आणि नातवाने पुढे केलेली शंकरपाळी ती नाकारत नाही. पोट दुखले तरी बोलत नाही. काहींना दुखतही नाही. आतड्याची झीज मात्र होत राहते. त्यामुळे घरात होणारा फराळ शक्यतो सर्वांसाठीच गव्हाविना करावा. शेजारून आलेला फराळ वेगळ्या, नाव लिहिलेल्या डब्यात ठेवावा आणि मुलांना त्याचे कारण सांगावे. ज्यांना निदान झाले आहे, त्यांच्या भावंडांनी व मुलांनीही एकदा तपासणी करून घ्यावी; रक्ताच्या नात्यांत या आजाराचे प्रमाण अधिक असते.